बेळगाव पायी एका दिवसात: किल्ला, जुन्या बागा आणि व्हॅक्सिन डेपोची झाडी

प्रश्न थोडक्यात असा आहे: निपाणीहून चौघं येणार, वयं चाळीस ते पंचावन्न, रोज चार-पाच किलोमीटर चालायची सवय. बेळगावचा किल्ला, जुन्या बागा आणि शहरातली झाडी एकाच दिवशी पायी करायची आहे. अठरा-वीस किलोमीटर झेपतील का, आणि रस्ता कसा आखायचा?

झेपतील. मात्र रस्ता किलोमीटर मोजून आखू नका. ऊन कुठे लागणार आणि पायाखाली काय येणार, हे दोन प्रश्न आधी सोडवा. डोंगरात वीस किलोमीटर चालणारा माणूस शहरात बारा किलोमीटरवर लंगडायला लागतो, कारण डोंगरात प्रत्येक पाऊल वेगळं पडतं आणि डांबरावर तेच पाऊल तसंच हजारो वेळा पडतं. टाच, चवडा आणि नडगी यांच्या त्याच त्याच जागेला मार बसत राहतो. त्यामुळे जिथे माती मिळेल तिथे जास्त चालायचं, जिथे डांबर टळत नाही तिथे थांबे जास्त घ्यायचे, आणि भर दुपारी मोठ्या झाडांखाली असायचं. खालचा क्रम याच हिशोबाने लावला आहे.

मार्ग गोल आहे: मध्यवर्ती बसस्थानक, किल्ला तलाव, किल्ला, रिसालदार गल्ली, बाजारपेठ, कपिलेश्वर, शिवाजी उद्यान, शहापूर, गोवावेस, व्हॅक्सिन डेपो, काँग्रेस विहीर, मिलिटरी महादेव मंदिर, कॅम्प म्हणजे लष्करी छावणीचा भाग, चन्नम्मा चौक आणि परत बसस्थानक. किल्ल्यात आणि डेपोत किती फिरता त्यावर एकूण अंतर सतरा ते वीस किलोमीटरच्या आसपास भरतं. सपाटीवर तासाला साडेचार किलोमीटरचा वेग आरामात राहतो, पण थांबे, दर्शन, चहा धरला तर हिशोब तासाला दीड-पावणेदोन किलोमीटरचाच करा. म्हणजे सकाळी साडेसहा ते संध्याकाळी सहा, पूर्ण दिवस. निपाणी सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. पहाटेची बस धरून येणं जमतं, पण झोपमोड करून वीस किलोमीटर चालणं ही वाईट सुरुवात आहे. आदल्या रात्री बेळगावात मुक्काम केलात तर दिवस खरोखर तुमचा होतो.

महिना कोणता, हे आधी ठरवा. ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा चांगला काळ. जून ते सप्टेंबर इथला पाऊस दिवसभर लागून राहतो. किल्ल्याच्या पायऱ्यांवर आणि तटावर शेवाळ धरतं आणि ओले मोजे दुपारपर्यंत पाय सोलून काढतात. मार्च-एप्रिलमध्ये सकाळ छान असते, पण अकरानंतर शहापूरच्या सिमेंट रस्त्यावर चालवत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरची एकच कटकट म्हणजे वाळलेल्या गवताची कुसळं. ती मोज्यातून आत शिरतात आणि तासाभरात तिथे जखम होते. त्या दिवसांत गवतातून आल्यावर बूट काढून मोजे उलटे करून झटकायचे, लगेच.

काही तारखा टाळा. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सव आणि दुसरीकडे सीमाप्रश्नावरून मराठी भाषकांचा काळा दिन, मिरवणुका आणि फेऱ्यांनी मधलं शहर भरलेलं असतं. अनंत चतुर्दशीला गणपत गल्लीपासून कपिलेश्वर तलावापर्यंत मुंगीला वाट नसते. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीची रात्रही तशीच. ती मिरवणूक पाहायलाच वेगळं यावं. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा लॉज भरतात आणि बंदोबस्तामुळे रस्ते अचानक वळवले जातात. अधिवेशनाच्या तारखा पाहूनच खोली बुक करा.

आता किल्ला. सव्वासहा-साडेसहाला बसस्थानकावरून निघालात तर पंधरा-वीस मिनिटांत तलावाच्या काठावर पोहोचता. बसस्थानकावरच स्वच्छतागृह वापरून घ्या. यानंतर भरवशाची सोय थेट नाश्त्याच्या हॉटेलातच आहे. बागांमधली स्वच्छतागृहं नेहमी उघडी असतीलच असं नाही, आणि बरोबर बायका असतील तर ही गोष्ट नकाशाइतकीच महत्त्वाची आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. तलावावर धुकं असेल तर घाई करू नका, पण तिथे अर्ध्या तासाच्या वर रेंगाळूही नका. सकाळचे पहिले तीन तास हे दिवसातले सर्वात मौल्यवान तास आहेत आणि ते किल्ल्याला द्यायचे आहेत.

हा भुईकोट आहे, त्यामुळे चढ जवळजवळ नाही. १२०४ मध्ये रट्ट राजवटीतल्या बिचिराजाने तो बांधला. पुढे आदिलशाहीत असदखान लारीने त्याची मजबुती केली, आणि १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर तो घेतला. खंदक मऊ तांबड्या दगडात खोदलेला आहे. त्याची खोली-रुंदी दरवाजाजवळच्या पुलावर उभं राहून नीट पाहा, म्हणजे वेढा तीन आठवडे का चालला ते कुणी सांगायला नको. दरवाजापाशी दुर्गा आणि गणपतीची देवळं आहेत. आत सुमारे शंभर एकरांचा परिसर आहे आणि त्यात रस्ते, वसाहत, कचेऱ्या, काही भाग लष्कराच्या ताब्यात. मोबाईलवरचा नकाशा इथे फसवतो: तो ज्याला रस्ता म्हणतो त्याच्या टोकाला बंद फाटक निघतं. जिथे पहारा किंवा मनाईची पाटी दिसेल तिथून परत फिरायचं, वाद घालायचा नाही, आणि त्या बाजूला कॅमेरा रोखायचा नाही.

आधी कमल बस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, करा. कारण साधं आहे: तिथे अनवाणी जावं लागतं आणि उन्हं चढली की दगडी फरशी तापते. ही बस्तीही १२०४ चीच. गाभाऱ्यात काळ्या पाषाणातली नेमिनाथांची मूर्ती आहे, पण खरं थांबायचं ते मंडपाच्या छताखाली. मधोमध उलटं लोंबणारं दगडी कमळ आहे, बहात्तर पाकळ्यांचं. भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर, म्हणून बहात्तर. मान वर करून दोन मिनिटांत चक्कर येते, तेव्हा खांबाला पाठ टेकून पाहा. खांबांवरची घासाई इतकी गुळगुळीत आहे की त्यात तोंड दिसावं. चामड्याचा पट्टा, पाकीट असेल तर आधी पिशवीत टाकून बाहेर ठेवा. शेजारीच दुसऱ्या बस्तीचे अवशेष आहेत, तेही चुकवू नका.

सफा मशीद असदखानाच्याच काळातली. ती बाहेरून पाहावी, आत जायचं तर तिथे असलेल्या माणसाला विचारून, आणि शुक्रवारी दुपारी नाही. रामकृष्ण मिशनचा आश्रम हा किल्ल्यातला विसाव्याचा थांबा. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये कोल्हापूरहून बेळगावला आले, काही दिवस वकील भाटे यांच्या घरी आणि पुढचे दिवस वनाधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहिले, आणि इथून गोव्याकडे गेले. हरिपद मित्र यांचं राहतं घर याच आवारात जपलं आहे. भाटे यांचं घर रिसालदार गल्लीत आहे, ते आपल्या पुढच्या वाटेवरच येतं. दोन्ही एकाच सकाळी पायी जोडता येतात, हे या मार्गाचं सुख आहे.

तटावर चढायची हौस असते. जिथे पायवाट मळलेली दिसते तिथेच चढा. तटाच्या माथ्यावर गवत माजलेलं असतं आणि त्याखाली ढासळलेल्या दगडांच्या फटी दिसत नाहीत. घोटा मुरगळण्याची जागा या सबंध दिवसात हीच. नाग-घोणस असू शकतात, त्यामुळे काठीने पुढे आपटत चाला आणि फटीत हात घालून आधार घेऊ नका. उंच झाडांवर आणि जुन्या भिंतींवर आग्या मोहोळ असतं. त्या दिवशी अत्तर किंवा स्प्रे मारू नका, खाली धूर-बिडी नको. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका, तोंड झाकून सरळ पळा आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा.

सव्वानऊपर्यंत किल्ला आटपा. तिथून गावात शिरलात की रिसालदार गल्ली करून खडे बाजार, गणपत गल्ली, मारुती गल्लीच्या भागात नाश्ता. पोटभर पण तेलकट नको: पोहे, इडली, उप्पीट चालेल, पुरी-भाजीवर चालताना पोट दुखतं. गल्ल्यांत चालण्याचा वेग आपोआप अर्धा होतो, तेव्हा इथे अंतर कमी असूनही तास जातो. कुंदा ही इथली मिठाई घ्यायची असेल तर आत्ता घेऊ नका, पिशवीत उन्हाने त्याचं पीठ होतं. संध्याकाळी परतताना घ्या. आलेपाक मात्र आत्ताच घ्या. दुपारी तोंड कोरडं पडलं की एक वडी पुरते.

शनि मंदिराकडून कपिलेश्वर गाठा. दक्षिण काशी म्हणून इथे माणसं लांबून येतात. सोमवारी, श्रावणात आणि महाशिवरात्रीला रांग मोठी असते, त्या दिवशी बाहेरूनच नमस्कार करून पुढे जा, नाहीतर दुपारचं गणित कोसळतं. तिथून रेल्वेवरच्या पुलावरून पलीकडे उतरायचं. पुलावर सावली शून्य आणि गाड्यांची गर्दी, म्हणून समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेने, एकामागे एक चाला. एरवीही हाच नियम पाळा, पण एक दुरुस्ती आहे: रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतो. तासन्‌तास एकाच कडेने चाललात तर एक पाय सतत खालच्या बाजूला पडतो आणि त्या बाजूचा गुडघा, खुबा धरतो. जिथे रहदारी नसते तिथे बाजू बदला, किंवा सरळ मधून चाला.

पूल उतरल्यावर शिवाजी उद्यान. बाकांवर बसा, बूट काढा, पाय हवेला ठेवा. दहा मिनिटं पुरतात. त्यापुढे शहापूर. हा भाग पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होता, बेळगाव ब्रिटिशांकडे. आज दोन्हींमध्ये सीमा दिसत नाही, पण शहापूरला स्वतःचा खडे बाजार आहे तो याच वेगळेपणाचा पुरावा. विणकरांची वस्ती, आतल्या गल्लीत मागाचा आवाज येतो. सिमेंटचे रस्ते आहेत, भराभर पार करा.

गोवावेसला साडेबारापर्यंत जेवण. पाटीवर बसवेश्वर चौक असं नाव असेल, रिक्षावाल्याला गोवावेस म्हटलं तरी कळतं. तसंच धर्मवीर संभाजी चौकाला जुने लोक बोगारवेस म्हणतात आणि किल्ला तलावाला कन्नडमध्ये कोटे केरे. बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर वाहकाला ठिकाणाचं नाव सांगा, मराठीत सांगितलं तरी अडत नाही. जेवण अर्ध्या पोटाचं ठेवा: भाकरी किंवा दोन चपात्या, भाजी, ताक. भाताची दुसरी वाढणी म्हणजे पुढचा तास झोप.

आता दिवसाचा गाभा. व्हॅक्सिन डेपो हे नाव पडलं ते देवीच्या लशीमुळे. ब्रिटिश काळापासून इथे लस तयार व्हायची आणि त्यासाठी एवढी मोठी जागा राखली गेली. देवीचा रोग गेला, लस थांबली, झाडं राहिली. टिळकवाडीच्या मधोमध एवढा मातीचा, सावलीचा तुकडा उरला आहे ही साधी गोष्ट नाही. इथे बांधकामाचे बेत आले तेव्हा बेळगावकरांनी विरोध केला, आणि तो करायलाच हवा होता. एक ते तीन, अगदी सव्वातीनपर्यंत इथेच राहा. ऊन टळतं, पायाला माती मिळते आणि सबंध शहरात याहून चांगली दुपार मिळणार नाही.

इथे फिरायची पद्धत अशी ठेवा. पहिली वीस मिनिटं चालायचंच नाही. चटई किंवा जुनी चादर अंथरून पाय पिशवीवर उंच ठेवून आडवं व्हायचं. सकाळपासून पावलांत उतरलेली सूज त्याने कमी होते. मग मोजे बदला, आणि ओले मोजे पिशवीला बाहेरून अडकवा. त्यानंतर आतल्या पायवाटांवर सावकाश दोन-तीन किलोमीटर. नीलगिरीखाली बसू नका: सावली विरळ, जमीन कोरडी आणि वाळक्या फांद्या अचानक पडतात. वड-आंब्यासारखं रुंद झाड शोधा. पालापाचोळ्यात बसण्याआधी काठीने हलवून पाहा, तांबड्या मुंग्या असतात. पक्षी भर दुपारी गप्प असतात, तीननंतर हालचाल सुरू होते, तेव्हा दुर्बीण असेल तर शेवटचा अर्धा तास त्याला द्या. सकाळ-संध्याकाळ माणसांची वर्दळ असते, मधल्या वेळात एखादं फाटक बंद मिळू शकतं. कुंपण ओलांडू नका, दुसऱ्या फाटकाने या. खरकटं आणि बाटल्या परत न्यायच्या, हे सांगायची वेळ येऊ नये.

तिथून काँग्रेस रोडला काँग्रेस विहीर आणि वीर सौध हे अधिवेशनाचं स्मारक. डिसेंबर १९२४ मधलं बेळगाव अधिवेशन हे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली झालेलं एकमेव काँग्रेस अधिवेशन. आलेल्या माणसांच्या पाण्यासाठी ही विहीर खणली, तिला पंपा सरोवर म्हणत, कारण अधिवेशनाच्या नगराला विजयनगर नाव दिलं होतं. अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल तिथे स्वागतगीत गायल्या होत्या. अर्धा तास पुरतो. टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं असेल तर वाकून खालून जाणारे दिसतील. तुम्ही थांबा, तेवढीच पायांना विश्रांती.

मिलिटरी महादेवाच्या बागेत चार-सव्वाचारला चहाचा थांबा. पुढे कॅम्पातले रस्ते जुन्या झाडांचे, कडेला मातीची पट्टी असलेले, दिवसाच्या शेवटी पायाला हवे तसे. सेंट मेरी चर्च १८६९ चं, बाहेरून पाहून पुढे व्हा. कॅम्प हे मराठा लाइट इन्फंट्रीचं ठिकाण आहे: मुख्य रस्ता सोडायचा नाही, फोटो नाही. रेसकोर्स-गोल्फ मैदानाची झाडी खुणावते, पण ती जागा लष्कराची आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच झाडीत बिबट्या फिरत होता, आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि शोधासाठी हत्ती आणले होते. अंधार पडायच्या आत कॅम्पातून बाहेर, सहापर्यंत चन्नम्मा चौक.

सामानाचं सांगतो. पाणी माणशी तीन लिटर, पण एकदम वाहू नका: दीड लिटर घेऊन निघा, नाश्त्याला आणि जेवणाला भरा. तहान लागेपर्यंत थांबू नका, दर वीस मिनिटांनी पाच-सहा घोट. दुपारनंतर एका बाटलीत ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. बोटं सुजली, डोकं जड झालं आणि नुसतं पाणी पिऊन मळमळतं आहे, तर शरीरात मीठ कमी पडतं आहे: सावलीत बसा, खारं काही खा, उगाच पाणी ढोसू नका. खायला जवारी केळी, शेंगदाण्याची चिक्की, चपातीची गुंडाळी. टोपी, सुती पंचा, दोन जोड मोजे, चिकटपट्टी, शिट्टी. पिशवी चार किलोच्या आत.

बूट नवे नकोत. किमान पन्नास किलोमीटर चाललेले असावेत, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, कारण दुपारपर्यंत पाऊल फुगतं. म्हणूनच बूट संध्याकाळी विकत घ्यावेत. सुती मोजे घाम धरून ठेवतात, नायलॉन-लोकर मिश्रणाचे घ्या. फोड येण्याआधी त्या जागी गरम चुरचुर लागते. त्याच क्षणी थांबून पट्टी लावायची, ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणायचं नाही. पुढच्या थांब्यावर फोड झालेलाच असतो. झाला तर फोडू नका. मधोमध भोक पाडलेली जाड पट्टी भोवतीने लावा, म्हणजे दाब बाजूला जातो.

भटकी कुत्री पहाटे टोळीने असतात. पळू नका, पाठ न दाखवता सावकाश बाजूला व्हा. दात लागलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस घ्या, चालणं तिथेच संपवा.

तयारीला तीन रविवार द्या: आठ, अकरा, चौदा किलोमीटर, त्याच बुटात आणि त्याच पिशवीसह, शक्यतो डांबरावर. चौदानंतर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या धरत नसतील तर बेळगावला या. धरत असतील तर आणखी एक रविवार. प्रत्यक्ष दिवशी कुणाला जमेनासं झालं तर गोवावेस किंवा टिळकवाडीत रिक्षा मिळते, आणि या गोलावर तुम्ही बसस्थानकापासून फार लांब कुठेच नसता. म्हणून थकलेल्याला ओढू नका. एकाने त्याच्याबरोबर जावं, बाकीच्यांनी चालावं.

राजहंसगड त्याच दिवशी जोडायचा विचार असेल तर सोडून द्या. येळ्ळूरचा तो गड शहरापासून पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याला स्वतःची सकाळ लागते. भुतरामनहट्टीचं प्राणिसंग्रहालयही महामार्गाच्या कडेला आहे, तिथे पायी जाण्यात धोका आहे.

परतीच्या बसमध्ये बसण्याआधी पाय थंड पाण्याने धुऊन कोरडे करा आणि चपला घाला. निपाणीपर्यंतचा वेळ न हलता बसलात तर पोटऱ्या आखडतात, तेव्हा बसमध्ये दर थोड्या वेळाने पंजे वर-खाली करत राहा. दुसऱ्या दिवशी झोपून राहू नका, सकाळी दोन किलोमीटर सावकाश चाला.